आतार मास्तरांचा शब्द

आमच्या शाळेत इंग्रजी शिकवणारे आतार मास्तर वर्षाला एक शब्द घेत. पाठ्यपुस्तक, व्याकरण, भाषांतर हे सगळं वेळापत्रकाप्रमाणे होतच असे. त्याशिवाय जूनमध्ये शाळा उघडली की फळ्याच्या उजव्या कोपऱ्यात पोरांना आधीच ठाऊक असलेला एक साधासा इंग्रजी शब्द ते लिहीत आणि पुढच्या उन्हाळ्यापर्यंत तो कोपरा कुणाला पुसू देत नसत. वर्षभरात त्या शब्दाचा जो जो अर्थ कुठं सापडेल तो पोरांनी आणून द्यायचा. बेचाळीसच्या आदल्या वर्षी मी तिथं गणित शिकवायला रुजू झालो, तेव्हा कोपऱ्यातला शब्द होता 'बेअर'. माझा तास त्यांच्या तासानंतर असे. तेवढा कोपरा राखून मी उरलेल्या फळ्यावर गणितं मांडत असे.

शाळा वडूजच्या पुढं दोन-तीन कोसांवरच्या एका बाजारगावात होती. मी सांगलीचा, नदीकाठी वाढलेला. इकडं अर्धी बादली पाणी आंघोळीला घेतलं तरी घरमालकीण दोनदा बोलून दाखवी. माझ्या खोलीला लागूनच्या दोन खणांत मास्तर आणि त्यांच्या पत्नी हमीदावहिनी राहत. मधली भिंत पातळ होती. पहाटे मास्तरांची नमाज झाली की त्यांचं मोठ्यानं इंग्रजी वाचन सुरू होई, आणि मला तेच घड्याळ होऊन बसलं होतं.

मास्तर मूळचे कडेगावचे. पूर्ण नाव दस्तगीर आतार. वडील लाकडी पेटीत अत्तर, सुरमा, ऊद घेऊन जत्रा-उरूस फिरत. मास्तरांच्या अंगाला मात्र मी कधी अत्तराचा वास घेतला नाही. एकदा विचारलं तर म्हणाले, "वडिलांनीबी कधी लावलं नाही. विकायचा माल तो." उंच, हाडकुळा माणूस. पांढरा लेंगा, गळ्यापर्यंत बटणं लावलेला करडा कोट, काळी टोपी. चालताना नजर खाली. रस्त्यात कुणी भेटलं तर ते थांबत, समोरच्याचं पूर्ण ऐकून घेत आणि मगच उत्तर देत. घाईतल्या माणसाला त्याचा त्रास होई. वर्गात मी त्यांना हसलेलं पाहिलं नाही, आणि छडी हातात घेतलेलीही पाहिली नाही.

'बेअर' म्हणजे अस्वल, एवढंच पोरांना ठाऊक. ते मास्तरांनी पहिल्याच दिवशी फळ्यावर लिहून घेतलं होतं आणि पुढं महिनाभर त्यात काही भर पडली नव्हती. एक दिवस पेठेतून डमरूचा आवाज आला. दरवेशी अस्वल घेऊन चालला होता. पोरांच्या माना खिडकीकडं वळल्या. मास्तरांनी धडा बंद केला आणि एका पोराला पाठवून दरवेशाला शाळेच्या आवारात, लिंबाखाली बोलावून घेतलं. त्याला जोंधळे दिले आणि खेळ करू नका म्हणून सांगितलं. मग सगळ्या वर्गाला बाहेर आणून त्या जनावराकडं नुसतं बघायला लावलं. आधी पोरं खिदळली. मग खिदळणं आपोआप थांबलं.

वर्गात परत आल्यावर मास्तर म्हणाले, "त्याच्या नाकात वेसण आहे, ती ते वागवतंय. तेही 'बेअर'. धन्याची काठी सोसतंय, तेही 'बेअर'. ती मादी आहे. गेल्या साली तिला पिल्लू झालं, असं दरवेशी सांगत होता. जन्म देणं, तेसुद्धा 'बेअर'. आता सांगा, नुसतं अस्वल म्हणून भागेल का?"

त्यानंतर मात्र अर्थ यायला लागले. झाडाला फळ धरणं आलं. मनात अढी धरणं आलं. रस्त्यानं एका बाजूला वळणं आलं. कडेगावकडचा एक मुलगा मोहरमला घरी जाऊन आला आणि त्यानं खांद्यावर वाहून नेणं आणलं. तिथले उंचच्या उंच ताबूत उचलायला हिंदू-मुसलमान दोन्ही लागतात, खांदा देणाऱ्यांत त्याचा चुलताही होता. मास्तरांनी तो अर्थ फळ्यावर लिहिला आणि खाली त्या मुलाचं नाव लिहिलं. ज्यानं अर्थ आणला त्याचं नाव खाली, अशी त्यांची पद्धत होती.

त्यांचं एक वाक्य त्या वर्गातल्या प्रत्येकाला आज म्हातारपणीही पाठ असेल. "शब्द एकटा भेटला तर त्याचा अर्थ सांगू नये. तो कुणाबरोबर आलाय ते आधी बघावं."

त्याच वर्षी एका पोरानं विचारलं की जन्मलेला म्हणताना 'बॉर्न', आणि सोसलेलं म्हणतानाही 'बॉर्न'. मग एकाच्या शेवटी 'ई' कशाला जादा? मास्तरांनी हातातला खडू खाली ठेवला. "तशी रीत आहे," एवढं बोलून ते वर्गाबाहेर गेले. उरलेला तास ते परतलेच नाहीत. मला ते विचित्र वाटलं. काही दिवसांनी हमीदावहिनी उंबऱ्यात हुलगे निवडत बसल्या होत्या, तेव्हा त्यांना मी ते सांगितलं. त्यांनी हात थांबवला नाही. म्हणाल्या, "आमची एक पोरगी हुती. चार वर्साची हून गेली, तापानं. त्यास्नी तिला लिव्हायला शिकवायची लय घाई हुती. पाटीवर त्यांनी पयला शब्द तोच काढला हुता. जन्मलेला." मग सूप पाखडत त्यांनी विषय बदलला. मास्तरांनी स्वतः त्या मुलीचं नाव माझ्यापाशी कधी काढलं नाही.

मास्तरांच्या विद्यार्थ्यांत सदा घाडगे नावाचा एक होता. मी आलो तेव्हा तो शाळा सोडून गेलेला होता, पण दर बाजारच्या दिवशी मास्तरांकडं यायचा. बाप लहानपणीच गेलेला, घरात आई तानूबाई एकटी. पाच-सहा एकर कोरडवाहू रान. अठरा-एकोणीसचा, दणकट, कमी बोलणारा पोरगा. यायचा, ओट्यावर बसायचा, मास्तर देतील ते इंग्रजी पुस्तक घेऊन जायचा आणि पुढच्या बाजारी परत आणायचा. त्याचं मॅट्रिक व्हावं म्हणून मास्तर झटत होते; परीक्षेला साताऱ्याला बाहेरून बसवायचं ठरलं होतं. तानूबाई कधी कधी त्याच्याबरोबर येई. ती मास्तरांसमोर बसत नसे. उभ्यानंच म्हणे, "आवं मास्तर, ह्याला तुमीच माणसात आणा."

बेचाळीसचं साल उजाडलं आणि पावसाळ्यात सगळ्या सातारा जिल्ह्यात पेटापेटी झाली. आमच्या गावातही लोक एकमेकांशी हलक्या आवाजात बोलू लागले. एका बाजारच्या दिवशी भर दुपारी चाळीस-पन्नास माणसं झेंडा घेऊन पेठेतून निघाली आणि पोलीसचौकीसमोर येऊन उभी राहिली. पुढं सदा होता. मी त्या वेळी घरी तापानं पडून होतो. मास्तर बाजारात भाजी घ्यायला गेले होते, तेवढ्यात हे झालं. चौकीच्या दारात दोन शिपाई उभे होते. घोषणा चालल्या असताना कुठून तरी दगड आला आणि एका शिपायाच्या डोक्याला लागला. तो कोसळला. दुसऱ्यानं हवेत बार काढला आणि पळापळ सुरू झाली. संध्याकाळी सदाला धरलं. त्याच्या सदऱ्यावर रक्त होतं. शिपायाचं डोकं फोडलं म्हणून त्याच्यावर खुनाच्या प्रयत्नाचा खटला भरला. शिपाई वाचला, पण मार कुणी दिला हे त्याला सांगता येईना.

मास्तर त्या दिवशी रिकामी पिशवी घेऊन घरी आले होते. मला फक्त म्हणाले, "त्याचा दगड नव्हता. मी बघितलंय."

त्यांनी काय बघितलं ते मग त्यांनी मला नीट सांगितलं. दगड आला तो मागून, बैलगाड्या सोडल्या होत्या त्या बाजूनं. कुणी मारला ते त्यांना दिसलं नाही. पण सदा सगळ्यांच्या पुढं होता आणि झेंड्याची काठी त्यानं दोन्ही हातांनी धरली होती. शिपाई पडला आणि लोक त्याच्या अंगावरून पळायला लागले, तेव्हा सदानं काठी टाकली, त्याला पाठीवर घेतला आणि चौकीमागच्या सावलीत नेऊन ठेवला. सदऱ्यावरचं रक्त तिथलं.

हे ऐकून मला हायसं वाटलं. साक्षीदार मिळाला, पोरगा सुटला, असंच वाटलं. पण ते तितकं सरळ नव्हतं. बंदीहुकूम असताना झेंडा घेऊन जमावाच्या पुढं चालणं हाच गुन्हा होता. त्यानं दगड मारला नाही हे ज्या गोष्टीवरून ठरत होतं, तीच गोष्ट त्याला तुरुंगात धाडणारी होती.

चार दिवसांनी सदाचा चुलता ज्ञानू आणि तानूबाई मास्तरांकडं आले. मला मास्तरांनी हाक मारून बसवून घेतलं. ज्ञानू म्हणाला की सदा बाजारात नव्हताच, मास्तरांच्या घरी अभ्यासाला बसला होता असं सांगावं. रक्ताचं काय, तर बैलाचं शिंग लागलं म्हणू. गावातली चार माणसं तशी साक्ष द्यायला तयार आहेत. त्यात मास्तरांचा शब्द पडला की कोर्ट दुसऱ्या कुणाचं ऐकायचं नाही.

मास्तरांनी शेवटपर्यंत ऐकून घेतलं. मग म्हणाले, "ज्ञानबा, चौकीसमोर त्याला पन्नास जणांनी बघितलाय. मी खोटा ठरलो की माझं खरंबी खोटं ठरंल."

तानूबाई इतका वेळ भिंतीला टेकून उभी होती. ती पुढं आली. "मास्तर, मला दुसरं कोन न्हाई."

"मला म्हाईत हाय," मास्तर म्हणाले.

"मग एवढं एक बोला की."

मास्तरांनी मान हलवली. ती हो म्हणण्यासाठी नव्हती हे तिला कळलं. ती पदर सावरून निघून गेली. त्यानंतर ती मास्तरांशी बोलली नाही.

शाळेच्या मंडळाच्या अध्यक्षांनीही मास्तरांना बोलावून घेतलं. त्यांचं म्हणणं उलट होतं. साक्षच देऊ नका. गर्दीत काही दिसलं नाही म्हणा. आधीच दिवस वाईट, शाळेचं अनुदान सरकारच्या मर्जीवर. मास्तरांनी तिथंही एवढंच सांगितलं की मला दिसलं, ते दिसलं नाही कसं म्हणू.

खटला साताऱ्याला चालला. मी मास्तरांबरोबर गेलो. मोटारीत त्यांनी हातात पुस्तक धरलं होतं, पण पान उलटलं नाही. सदाच्या वकिलानं त्यांना बजावलं होतं की शिपायाला उचलल्याचं सांगा. झेंड्याचं विचारलं तरच बोला. कोर्टाच्या खोलीत दाराजवळ तानूबाई आणि ज्ञानू बसले होते. पिंजऱ्यात सदा उभा होता, दाढी वाढलेली. मास्तरांना बघून त्यानं हात जोडले.

मास्तरांनी साक्ष मराठीत दिली. न्यायाधीशांनी विचारलं की तुम्ही इंग्रजी शिकवता, मग इंग्रजीत का सांगत नाही? मास्तर म्हणाले की आरोपीची आई इथं बसली आहे, तिला कळलं पाहिजे. मग ते एकेक वाक्य सावकाश सांगत गेले, आणि न्यायाधीश ते इंग्रजीत उतरवून घेत गेले. संपल्यावर लिहिलेलं वाचून दाखवण्यात आलं. "सदानं त्याला धरलं आणि पाठीवर घेऊन सावलीत नेलं," असं मास्तर बोलले होते. इंग्रजीत त्याचं झालं होतं, आरोपीनं शिपायाला पकडलं आणि ओढून बाजूला नेलं.

मास्तरांनी हात वर केला. म्हणाले, "साहेब, हा शब्द बदलावा. पकडलं नाही, वाहून नेलं. 'ही बोअर हिम.'"

न्यायाधीश वैतागले. एका शब्दानं काय मोठा फरक पडतो, असं त्यांनी विचारलं. मास्तर म्हणाले की पोराचा जन्म जायचा का राहायचा, एवढा पडतो.

सरकारी वकील उठले. इंग्रजी चांगलं जाणणारा, हुशार माणूस होता. "मास्तर, 'बेअर'चे पुष्कळ अर्थ होतात. 'ही बोअर हिम'च्या पुढं 'ए ग्रज' लिहिलं तर? आरोपीच्या मनात त्याच्याबद्दल डूख होता, असाही अर्थ होतो ना?"

"होतो," मास्तर म्हणाले. "पण त्याला पुढं डूख लागतो. मी बघितलं तिथं पुढं पाठ होती. 'ऑन हिज बॅक' लिहा. म्हणजे दुसरा अर्थ निघायचा नाही."

न्यायाधीशांनी लेखणी उचलली, खोडलं आणि नवीन लिहिलं. मला वाटलं, झालं. पण सरकारी वकील खाली बसले नव्हते.

"दगड त्यानं मारला नाही, हे तुम्ही इतकं ठामपणे कशावरून सांगता?"

मास्तरांनी सदाकडं बघितलं. सदा त्यांच्याकडंच बघत होता. मग दाराकडं बघितलं.

"त्याचे दोन्ही हात गुंतलेले होते."

"कशात?"

"झेंड्यात."

"म्हणजे आरोपी जमावाच्या पुढं, झेंडा घेऊन, होता?"

"होता," मास्तर म्हणाले.

हा शब्द तानूबाईला कळायला कुणाची मदत लागली नाही. ती उठली आणि बाहेर ओसरीत जाऊन बसली.

खुनाच्या प्रयत्नाचा आरोप टिकला नाही. बेकायदा जमावाबद्दल आणि हुकूम मोडल्याबद्दल सदाला दीड वर्षाची सक्तमजुरी झाली. दुसऱ्या आरोपात जन्मठेपही होऊ शकली असती, असं वकिलानं सांगितलं. पण गावात त्या जन्मठेपेचा हिशेब कुणी धरला नाही. मास्तरांनी पोराला आत घातला, एवढंच गावानं धरलं. चौकीवाल्यांना तर ते शत्रूच वाटत होते. वाण्याच्या दुकानात मास्तर गेले की बोलणं थांबायचं. ओट्यावर बाजारच्या दिवशी येऊन बसणारी पोरं येईनाशी झाली. 'तो आपला असता तर असं बोलला असता का?' असंही कुणीतरी म्हणालं, आणि ते गल्लीतून मला ऐकू आलं तसं त्यांनाही ऐकू गेलं असणार. हमीदावहिनींनी आपल्या माहेरी, सांगलीला जाऊ या म्हणून धरलं. मास्तर म्हणाले, वर्ष अर्ध्यात टाकून जाता येत नाही. वर्गात ते पूर्वीसारखेच उभे राहत. फळ्याच्या कोपऱ्यात त्या वर्षी नवा शब्द होता, पण पोरं अर्थ आणत नव्हती. तेच एकटे लिहायचे आणि खाली नावाची जागा मोकळी सोडायचे.

हिवाळा संपता संपता तानूबाई आजारी पडली. छातीत कफ झाला आणि दहा-बारा दिवसांत ती गेली. सदाला सोडावं म्हणून अर्ज केला होता, त्याचं उत्तर आलं नाही. सकाळी बातमी कळली तशी मास्तरांनी टोपी घातली आणि मला म्हणाले, "येताय?"

घाडग्यांच्या दारात माणसं जमली होती. आम्हाला बघून ती बाजूला सरली. मास्तर वळणावर, कुंपणाच्या कडेला उभे राहिले. तिरडी बांधून झाली. ज्ञानूनं मडकं घेतलं. उचलायच्या वेळी पुढचे दोघं आले, मागचा एक आला, चौथा कोण यावरून जरा खोळंबलं. भाऊबंद होते, पण त्यांच्यात जुन्या बांधावरून वैर होतं आणि कुणी पुढं पाऊल टाकेना. तेव्हा मास्तर कुंपणापासून निघून आले आणि बांबूखाली वाकले.

कुणीतरी मागून कुजबुजलं. ज्ञानू वळला. त्यानं मास्तरांकडं बघितलं. मला वाटलं, आता तो हाकलणार. पण तो म्हणाला, "उचला."

ओढ्यापर्यंत बरंच अंतर होतं. मास्तरांची उंची बाकीच्यांपेक्षा जास्त, त्यामुळं त्यांना सगळा वेळ गुडघ्यात वाकून चालावं लागलं. वाटेत मी दोनदा खांदा बदलायला गेलो. त्यांनी मान हलवून नको म्हटलं. चितेला अग्नी दिल्यावर सगळे बसले, तेव्हा ते लांब, दरडीला टेकून बसले. उठताना त्यांना माझा हात धरावा लागला.

त्या उन्हाळ्यात मंडळानं त्यांना पुढच्या वर्षासाठी नेमणूक दिली नाही. कारण सांगितलं नाही. मास्तरांनीही विचारलं नाही. ते सांगलीला गेले. तिथं एका हळदीच्या व्यापाऱ्याकडं परगावचा इंग्रजी पत्रव्यवहार बघायचं काम त्यांना मिळालं. सुट्टीत मी घरी आलो की त्यांच्याकडं जात असे. कोटाच्या बाह्या हळदीनं पिवळ्या झालेल्या असत. संध्याकाळी गल्लीतल्या पोरांना ते फुकट शिकवत. गावाची चौकशी करत, शाळेची करत. सगळ्यात शेवटी सदाचं विचारत. मी सांगे, सुटल्यावर तो गावाकडं आलाच नाही, परस्पर मुंबईला गेला, गिरणीत लागला म्हणतात.

स्वातंत्र्य मिळाल्यावर दोनेक वर्षांनी सदा रानाच्या वाटणीसाठी गावी आला. माझ्याकडं आला आणि म्हणाला, "मला मास्तरांकडं घेऊन चला." चेहरा रापला होता, कपाळावरचे केस मागं हटले होते. का जायचंय ते त्यानं सांगितलं नाही, आणि मला विचारायचा धीर झाला नाही.

आम्ही सांगलीला पोचलो तेव्हा मास्तर जेवायला घरी आले होते. त्यांनी सदाला लगेच ओळखलं. बस म्हणाले. सदा बसला नाही. दारातच उभा राहून तो बोलला. आवाज चढवला नाही.

"आईला तुमी खांदा दिलात, ते ज्ञानूकाकानं सांगितलं. पर मास्तर, तुमी त्या दिवशी एक शब्द खोटा बोलला असता, तर तो खांदा मी दिला असता."

मला राहवलं नाही. मी मध्येच म्हणालो की अरे, झेंडा होता म्हणाले म्हणूनच दगडाचं कोर्टानं मानलं, नाहीतर तू आज... मास्तरांनी हात वर करून मला थांबवलं.

"त्याला बोलू द्या," ते म्हणाले.

पण सदाचं बोलून झालं होतं. इतकी वर्षं त्यानं तेवढंच मनात धरलं असावं. मास्तर त्याच्याकडं बघत राहिले. मग म्हणाले, "खरं हाय तुझं."

आपली बाजू सांगितली नाही, माफी मागितली नाही. आत हमीदावहिनींनी भाकरी टाकायची थांबवली होती. तव्यावरून करपल्याचा वास आला, तशा त्या भानावर आल्या आणि त्यांनी आतूनच विचारलं, "किती जण हायसा?"

मास्तरांनी सदाकडं बघितलं. सदा उंबऱ्यावर वहाणा काढत होता.

आम्ही चौघं जेवलो. भाकरी, मेथीची भाजी, कांदा. वहिनींनी सदाला न विचारता दुसरी भाकरी वाढली आणि तिसरीही वाढली, आणि त्यानं ती खाल्ली. जेवण झाल्यावर मास्तरांनी त्याला मुंबईतल्या कामाचं विचारलं. तो थोडक्यात सांगत गेला. मॅट्रिकचं राहिलं का, असं मास्तरांनी विचारलं तेव्हा तो म्हणाला, राहिलं.

मला त्याच दुपारी परत फिरायचं होतं. मास्तर मोटारस्टँडवर सोडायला आले. सदाही माझ्याबरोबरच निघणार होता, तसं आमचं ठरलं होतं. मोटार लागली, मी चढलो, जागा धरली. सदा खालीच उभा राहिला. खिडकीशी येऊन म्हणाला, "तुमी व्हा पुढं. मी उद्या येतो."

मोटार वळताना मी मागं बघितलं. ऊन फार होतं. मास्तरांनी छत्री उघडली होती आणि दोघं तिच्याखाली परत निघाले होते. मास्तर उंच, सदा त्यांच्यापेक्षा बुटका, तरी छत्री मास्तरांच्या हातून घेऊन त्यानंच धरली होती, आणि मास्तरांच्या टोपीला लागू नये म्हणून हात पार वर ताणून चालला होता.

पुढच्या पावसाळ्यात मास्तर गेले. मला कळवलं ते सदानं.